कुठला हात खरा

"तुझ्या भावाची नजर हलली आहे, पोरी, रंग चुकतायत. लक्ष ठेव," भावाच्या कारखान्यातले रंगखात्याचे मास्तर तिला भाजीच्या दुकानात म्हणाले होते. तिच्या कडेवर दात येणारं बाळ, झोप नावालाच. मास्तरांना स्वतःखेरीज सगळ्यांच्याच नजरा हललेल्या दिसतात, असं मनाशी म्हणत तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती घरी आली.

धाकटा भाऊ कापडाच्या कारखान्यात शेड जुळवायचा. गिऱ्हाइकाचा नमुना आणि रंगवून आलेला तुकडा शेजारी-शेजारी ठेवायचे नि दोन्ही एकाच रंगाचे आहेत का, ते डोळ्यांनी सांगायचं. हल्ली तो तुकडे घरी आणायला लागला होता. "ताई, बघ ना, एकच आहेत?" ती बाळाचा भात कुस्करता कुस्करता "हो रे, एकच" म्हणायची. मान वरही करायची नाही. महिनाभर ती असं न बघता हो म्हणत राहिली आणि तिच्या त्या होकारावर तो कारखान्यात माल पास केल्याच्या सह्या करत राहिला.

गुरुवारी गिऱ्हाइकाकडून तागेच्या तागे परत आले. निळ्याच्या जागी हिरवट. मास्तरांनी त्याला भरदुपारी घरी पाठवलं.

"तू बघत होतीस ना?" त्याने विचारलं.

"नव्हते बघत." खोटं बोलायचंही तिच्यात त्राण नव्हतं. "पण तुझं काम तू मला का विचारत होतास?"

तेवढ्यात बाळ रांगत त्याच्यापाशी गेलं आणि त्याच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे की त्याला. मामा फार मोठा साहेब झालाय."

"नाही घेत, ताई. त्याचा हात हलला की मागे आणखी तीन-चार हात दिसतात. कुठला खरा ते कळेपर्यंत बाळ पडेल."

तिने बाळाला उचललं आणि ती तशीच खाली बसली.

मग तो तुटक तुटक बोलला. दोन महिन्यांपूर्वी एका मित्राच्या खोलीवर दोघांनी जिभेवर नशेचा नखाएवढा कागद ठेवला होता. आधी मळमळ, दातखिळी बसल्यासारखा जबडा, अंगाला थंड घाम, छातीत धडधड. मग भिंती श्वास घ्यायला लागल्या. खुर्चीच्या पाठीवरचा शर्ट इतका सुंदर दिसला की त्याला रडू आलं, आणि थोड्या वेळाने तोच शर्ट त्याच्यावर डोळे रोखून बसला. घड्याळात पाच मिनिटं झाली होती. त्याला वाटलं, आपण आता म्हातारे होऊनच बाहेर पडणार.

"सकाळी सगळं उतरलं. वाटलं, सुटलो," तो म्हणाला. "आठवड्याने पांढऱ्या भिंतीवर मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. दिव्याभोवती कडी. वेड लागतंय की काय, या भीतीने कुणाला बोललो नाही. तुला विचारायचो ते कापडाचं नव्हतंच. मी ठीक आहे का, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी ती बाळाला कडेवर घेऊन, भावाचं मनगट धरून डॉक्टरांकडे गेली. डोळे तपासले, ते धड निघाले. बिघाड डोळ्यांच्या मागे, मेंदूत आहे, डॉक्टर म्हणाले. बहुतेकांचं ओसरतं, पण कधी, ते सांगता येत नाही. झोप हवी, आणि पुन्हा कसलीही नशा नको. वेड लागलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं, तेव्हा भाऊ पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

परतताना तिने विचारलं, "आणि तो मित्र?"

"फोन उचलत नाही. तीन आठवडे झाले. मला जायची भीती वाटते, ताई."

ती त्या मित्राच्या खोलीवर दोनदा गेली; तो तिथे एकटाच राहतो. आतून पंख्याचा आवाज येतो, दार उघडत नाही. आता बाळ तापाने फणफणलंय आणि भावाला एकटं सोडायला तिचा धीर होत नाही. मित्राच्या घरमालकाला तिने निरोप ठेवलाय, पण तो तरी किती वेळा दार वाजवणार? म्हणून वाचणाऱ्याकडे तिचं एवढंच मागणं आहे: तुमच्या जिन्यावरही एखादा मुलगा एकटा राहत असेल, बरेच दिवस दिसला नसेल, तर आज जाऊन दार वाजवा. आतून "ठीक आहे" असा आवाज आला, तरी दार उघडायला लावा आणि त्याच्याकडे नीट बघा.