टायरमधली हवा

आयुष्यभर प्लंबरकी केलेल्या माणसाला गळती म्हणजे शिवीच. त्यामुळे रविवारी धरणाभोवतीच्या खडीच्या वाटेवर निघण्याआधी नवरोबा दोन्ही सायकलींच्या टायरमध्ये हवा अशी ठासून भरायचे, की टिचकी मारली तर टायर टणटणावा. "अहो, खडीवर हवा थोडी कमीच बरी, नाहीतर हाडं खिळखिळी होतात," असं बायकोने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी!

मग तिनेच वाट काढली. नवरोबा भिंतीवरून धरणाचं पाणी बघायला गेले, की ती दोन्ही सायकलींची हवा थोडीथोडी सोडायची. पुढे डोंगराच्या कडेने, एकही गाडी नसलेल्या त्या वाटेवर सायकली अगदी अलगद पळायच्या आणि नवरोबा मागे वळून म्हणायचे, "बघ, टम्म हवेची करामत!" ती कसंबसं हसू दाबायची.

त्या रविवारी मात्र भिंतीपाशी तिला मैत्रीण भेटली आणि गप्पांच्या नादात हवा सोडायची राहूनच गेली. पहिल्याच वळणावर दोघांचे दात दातांवर आपटले. नवरोबा उतरले, वाकले आणि आधी तिच्या, मग स्वतःच्या टायरची हवा सोडू लागले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" तिने कमरेवर हात ठेवले. "मग दर रविवारी घाम गाळत पंप कशाला मारता?"

"मला फसवलंस की दिवसभर गुणगुणत असतेस," ते म्हणाले. "घर कसं भरल्यासारखं वाटतं."