गिरीशने घेतलेला झेल

मी एक जुनी हर्ली आहे, मित्रांनो. नाव ऐकून तुम्ही गोंधळला असाल. आयर्लंडच्या लोकांचा हर्लिंग नावाचा एक वेगवान खेळ आहे, त्यातली ही लाकडी काठी. हॉकीच्या काठीसारखी, पण टोकाला रुंद आणि चपटी. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, नोव्हाय गावाजवळ, डॉनल नावाच्या म्हाताऱ्या आयरिश माणसाच्या अंगणात ॲशचे झाड होते. आमच्या जातीची काठी ॲशच्याच लाकडाची करतात, आणि तीही बुंध्याच्या अगदी खालच्या भागातून, कारण तिथे लाकडाच्या रेषा मुळांकडे आपोआप वळलेल्या असतात. त्या काळात त्या भागात एका हिरव्या किड्याने ॲशची झाडे पोखरून टाकली होती. डॉनलचे झाडही वरून वाळत आले. २००३ साली ते तोडायला माणसे आली तेव्हा त्याने फक्त बुंधा मागून घेतला, आणि गॅरेजमध्ये रंधा मारून त्यातून मला घडवले. झाड मेले म्हणून मी जन्मले. याचा आनंद मानावा की दुःख, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

डॉनल पूर्वी मोटारींच्या कारखान्यात होता. निवृत्त झाल्यावर तो आणि त्याचा हर्लिंगचा छोटासा हौशी क्लब, एवढेच त्याचे जग उरले. दर रविवारी पार्कच्या मैदानावर सराव असे. कुणाला पैसे मिळत नसत. छपरे शाकारणारी, रंगकाम करणारी आयरिश मुले घाम गाळून खेळत आणि नंतर डॉनलच्या गाडीच्या डिकीतले सँडविच खात. माझा पहिला मालक अशाच मुलांपैकी एक होता. पण त्या वर्षांत आयर्लंडमध्येच नोकऱ्या भरपूर झाल्या आणि एकेक करत ती मुले मायदेशी परतली. मालक मला डॉनलच्या गॅरेजमध्ये ठेवून गेला.

गिरीश भेटला तो २००६ च्या उन्हाळ्यात. तो मूळचा नागपूरचा, इथे गाड्यांच्या ब्रेकचे डिझाईन करणारा इंजिनिअर. मित्रांबरोबर क्रिकेट खेळायला पार्कात आला होता, पण पाचच जण जमले म्हणून मॅच कॅन्सल झाली. तो आमचा सराव पाहत उभा राहिला.

"क्रिकेटवाला ना तू?" डॉनलने त्याला विचारले. "म्हणजे कडक चेंडूला घाबरणार नाहीस. चल, गोलवर उभा राहा."

"काका, मला नियमही माहीत नाहीत."

"एकच नियम. चेंडू तुझ्या मागे जाता कामा नये. आणि तुमच्यासारखी मधे चहाची सुट्टी नसते!"

अशी मी गिरीशच्या हातात आले. सुरुवातीला तो मला बॅटसारखी, उलट्या हातांनी धरायचा. डॉनलने त्याचे हात पुन्हापुन्हा सुलटे केले. दोन वर्षांत गिरीश चांगला गोलरक्षक झाला. "आमच्या नागपूरच्या भिंतीत एकही खिडकी नाही," असे डॉनल कौतुकाने म्हणे, तेव्हा मी मनातल्या मनात फुलून येई.

२००८ च्या ऑगस्टमध्ये लीगमधला शेवटचा सामना आला. आमच्याकडे मोजून तेरा खेळाडू उरले होते. आदल्या दिवशी डॉनल गॅरेजमध्ये गिरीशला म्हणाला, "हरलो तर आपण तळाला जाऊ, आणि लीग आपला क्लब बंद करेल. बाकीची पोरं दोन तासांवरच्या क्लबात जातील. मला आता इतकी गाडी चालवता येत नाही, गिरीश."

सामना संपायला मिनिट उरले तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. गोलचे तीन गुण असतात. चेंडू उंचावरून आडव्या दांड्याखाली येत होता. गिरीशने मला डाव्या हातात घेतले, उडी मारली आणि उजव्या हाताने तो टिपला. असा झेल मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग काय झाले, ते सांगताना मला अजून शरम वाटते. लहानपणापासून क्रिकेट खेळलेल्या त्या हाताने झेल घेतल्यावर जे करायचे तेच केले. गिरीशने आनंदाने चेंडू वर उडवला आणि दोन्ही हात पसरून ओरडला. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झालेला असतो. इथे खेळ चालूच होता. समोरचा खेळाडू धावत आला आणि चेंडू खाली येण्याआधीच त्याने तडाखा मारला. गिरीशने घाईने मला फिरवले. समोरच्याच्या काठीवर आदळून मी पात्यापाशी तडकले, आणि चेंडू जाळ्यात गेला.

शिट्टी वाजली. आम्ही दोन गुणांनी हरलो.

"काय यार, कॅच तर एकदम मस्त!" बघायला आलेला गिरीशचा मित्र संजीव हसत म्हणाला. "पण आउट कोणाला केलंस?"

गिरीश हसला नाही. डॉनल सावकाश चालत आला. त्याने मला हातात घेऊन तड्यावरून अंगठा फिरवला.

"हिला काही झालेलं नाही. रविवारी घेऊन ये, पत्र्याची पट्टी ठोकून देतो."

"आता रविवारी काय उरलंय, काका?"

"रविवार उरलाय," डॉनल म्हणाला.

पण गिरीश गेला नाही. त्याने मला गॅरेजमध्ये पाणी तापवण्याच्या टाकीमागे उभे केले. तिथल्या कोरड्या उष्णतेने माझा तडा रुंद होत गेला. घरातले बोलणे दारातून ऐकू येई.

"डॉनलकाकांचा तिसरा मेसेज आहे," त्याची बायको उत्तरा एकदा म्हणाली. "जाऊन ये ना."

"काय तोंड घेऊन जाऊ? त्यांचा क्लब बुडवला मी."

"बाबा, जस्ट से सॉरी," त्यांची मुलगी ऋता म्हणाली.

"अगं, सॉरी कुणी मागितलंय?" उत्तरा चिडली. "ते फक्त ये म्हणताहेत."

नोव्हेंबरमध्ये मेसेज यायचे थांबले. डिसेंबरात बर्फ पडल्यावर एका सकाळी गिरीशने मला उचलले आणि डॉनलच्या घरी नेले. दार डॉनलच्या मुलीने उघडले. डॉनलला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला होता आणि वाचाही गेली होती.

 गिरीशने डॉनलला चाकांच्या खुर्चीतून गॅरेजमध्ये नेले, पत्र्याची पट्टी शोधली आणि हातोडी घेतली. "मी करतो, काका. तुम्ही फक्त बघा," तो म्हणाला.

त्याने खिळा तड्याच्या अगदी तोंडाशी धरला. तिथे खिळा मारायचा नसतो. डॉनलने डावा हात कसाबसा वर केला. गिरीशला वाटले, शाबासकी आहे. त्याने घाव घातला. मी पात्यापासून मुठीपर्यंत उभी चिरले.

डॉनलच्या तोंडून एक आवाज निघाला. गिरीश हातोडी टाकून त्याच्या पायाशी बसला आणि रडला. डॉनलचा डावा हात त्याच्या डोक्यावर पडून होता. एवढेच त्याला जमत होते.

आता मी दोन फाका होऊन डॉनलच्या गॅरेजमधल्या बाकावर पडून आहे. मला दुरुस्त करू शकेल असे कुणी उरलेले नाही. उपदेश करण्याइतकी मी शहाणी नाही, मित्रांनो. आमच्यासारख्या वस्तूंना उष्णतेपासून जपा, एवढे मी नक्की सांगू शकते. दुसरे सांगते, ते बरोबर आहे का ते तुम्हीच ठरवा. तडा माझ्या अंगावर होता, पण बोलावणे गिरीशला होते. तो चूक घेऊन घरात बसला आणि तेवढ्यात डॉनलचे हात थांबले. तुम्हाला कुणी असे बोलावले, तर चूक सोबत घेऊन जा; पण जा.