पुसलेली भिंत

मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत उज्ज्वला राठोड चित्रकला शिकवायची. दिवाळीच्या सुट्टीत तिनं मोबाईलवर ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी बाईचं चित्र पाहिलं. नुसते ठिपके. तांबडे, पिवळे, पांढरे, हजारोंनी. मधोमध मोठं वर्तुळ. तिला ते इतकं आवडलं की सातवीचा वर्ग हाताशी धरून तिनं शाळेची अख्खी दर्शनी भिंत तशीच रंगवली. "हा सूर्य," वर्तुळाकडं बोट दाखवून तिनं मुलांना सांगितलं.

भिंतीचे फोटो सगळीकडं फिरले. जिल्ह्यातल्याच मालेगावहून लोक मोटरसायकलींवर बघायला आले. सोमवारी ती बघायला जिल्ह्याहून शिक्षणखात्याचे साहेब येणार होते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिच्या मोबाईलवर निरोप आला. फिरलेले फोटो पाहून त्या चित्रकार बाईच्या भाचीनं तो इंग्रजीत लिहिला होता. उज्ज्वला एकेक शब्द लावत वाचत गेली.

'ही आमच्या पहिल्या आईची गोष्ट आहे. ती चालत गेली, तिच्या पावलांमागं आमचे पाणवठे झाले. मधलं वर्तुळ म्हणजे ती जमिनीत शिरली ती जागा. ते फक्त माझ्या मावशीच्या घरच्या बायका काढतात. पुरुषाचा हात त्याला लागत नाही. तुम्हाला कोणी परवानगी दिली?'

वर्तुळ उंचावर होतं, म्हणून ते उज्ज्वलानं शिडीवर चढवून मुलग्यांकडूनच भरून घेतलं होतं. 'चूक झाली. काय करू?' एवढंच तिनं कसंबसं लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'झाका.'

मुख्याध्यापक धम्मरत्न सर ऐकून हसले. "इतक्या दुरून कोण पाहून राह्यलं? सोमवार होऊ द्या, मंग पाहू."

घरी आई, कमलीबाई, ओढणीवर आरसे टाचत होती. ऐकताच तिची सुई थांबली.

"त्याईच्या मायच्या जागेवर पोरं नाचवली तू?"

"मले माईत नोतं, याडी."

"इचारलं होतं का?"

त्या रात्रीच उज्ज्वलानं चुना भिजत घातला.

शनिवारी सकाळी ती चुन्याची बादली घेऊन शिडीवर चढली. खाली मुलं सुन्न होऊन उभी. "म्याडम, काहून पुसून राह्यल्या?" एकीनं रडवेल्या आवाजात विचारलं. उज्ज्वलानं सगळं सांगितलं. "सूर्य नोता तो. मी मनानंच सांगतलं तुमाले."

सर धावत आले. "डोकं फिरलं का तुमचं, बाई? साहेबाले काय दाखवू मी?"

ती थांबली नाही. पहिल्या हातात तांबडे ठिपके चुन्यातून वर आले. तिनं दुसरा हात दिला, तिसरा दिला. रडवेल्या मुलीनंच सरांना त्या पहिल्या आईची गोष्ट सांगितली. ती ऐकून ते आत गेले.

भाचीला तिनं पांढऱ्या भिंतीचा फोटो धाडला. रविवारभर मोबाईल हातात धरून बसली. उत्तर आलं नाही.

सोमवारी साहेब आले आणि कोऱ्या भिंतीपुढं थबकले. "चित्र कुठं आहे?"

धम्मरत्न सरच पुढं झाले.

"आमचं नव्हतं ते, साहेब," ते म्हणाले. "न विचारता काढलं होतं. बाईनं पुसलं, बरं केलं."