नकाशातलं निर्जन खोरं

लंडनच्या पिनर उपनगरातल्या घरी देवयानी वडिलांच्या आठवणी टाइप करत बसली होती. दीनानाथांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती आणि रविवारी तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांची पुस्तिका वाटायची होती. तरुणपणी सातपुड्यात दोन राज्यांची हद्द पायी मोजणारा सर्व्हेअर, मग त्याच भागातून तीनदा निवडून आलेला आमदार, शेवटी पाटबंधारे राज्यमंत्री. एवढं सगळं चाळीस पानांत बसवता बसवता ती मेटाकुटीला आली होती.

ते मंत्री असताना सातपुड्याच्या एका खोऱ्यात झालेल्या धरणाच्या प्रकरणाला फोटो हवा म्हणून तिने सॅटेलाइटचं चित्र उघडलं. ऐन उन्हाळ्यातलं होतं, पाणी तळाला गेलेलं.

"बाबा, हे चौकोन कसले? घरांची जोती वाटतायत."

दीनानाथांनी वाकून पाहिलं.

"घरंच आहेत."

"पण खोरं रिकामं होतं ना? एकही माणूस हलवावा लागला नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"नकाशात रिकामं होतं. नकाशा माझाच." त्यांनी चष्मा काढला. "वरून धूर दिसला होता मला. उतरायला दोन तास लागले असते. पाय सुजले होते, तळावर जेवण तयार होतं. लिहून टाकलं, निर्जन."

देवयानीने चित्रावरून नजर वर केली. "आणि मंत्री असताना?"

"पाणी अडवायची फाइल आली, तेव्हा जागा ओळखली मी. तरी सही केली. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले. कागदावर नव्हतेच, मग त्यांना भरपाई कसली?"

धरणाच्या उद्घाटनाच्या समारंभाला देवयानी पाच वर्षांची होती. वडिलांच्या खांद्यावर बसून तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

"किती घरं होती?" तिने कसंबसं विचारलं.

"मोजली नाहीत," दीनानाथ म्हणाले. मग लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, "हे सगळं लिही. रविवारी मीच वाचणार."

आणि त्यांनी वाचलं. एकही ओळ गाळली नाही. मंडळाचे अध्यक्ष अंशुमन सत्काराची शाल हातात धरून तसेच उभे राहिले. ती शेवटपर्यंत त्यांच्याच हातात राहिली.

परतताना गाडीत दीनानाथ म्हणाले, "तू काहीच बोलत नाहीस."

देवयानीला बोलायचं होतं. पण 'बाबा' हा शब्द तिच्या तोंडून फुटेना.