चार छिद्रं कुणी बुजवली?

वर्कशॉपच्या हिरासिंगनं फाइलप्रमाणे मशीनवर दुसऱ्यांदा जाड पत्रा कापला आणि दुसऱ्यांदाही तो कोराच निघाला. स्टिअरिंग बसवायची चार छिद्रं गायब! प्रतिक्षानं ती कॉलेजच्या कॉम्प्युटरवर स्वतः आखली होती, आठ-आठ मिलिमीटरची. हिंगोलीच्या पॉलिटेक्निकची बॅटरीवरची छोटी गाडी स्पर्धेला जायची होती आणि सरांनी बजावलं होतं, तिसऱ्यांदा असं झालं तर डिझाइनचं काम तिच्याच गटातल्या पुष्करकडे.

पुष्करकडे! इथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. तिची फाइल आधी त्याच्याचकडे जायची. पत्रा किती भार सोसेल, हे तो घरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचा आणि मग तोच ती वर्कशॉपला धाडायचा. मधे तिसरं माणूसच नव्हतं.

तिनं गुपचूप कोपऱ्यात एक बिनकामाचं बारीक छिद्र आखलं, फाइल पाठवली, आणि वर्कशॉपला पोचलेली फाइल हिरासिंगकडून मागवून घेतली. तेही बुजलेलं! पत्रा कापू नका म्हणून हिरासिंगला विनवून ती तडक पुष्करच्या घरी गेली. त्याच्या आईनं, विजयाकाकूंनी चहा पुढं केला, पण तिची नजर त्याच्या लॅपटॉपवर.

"माझ्यासमोर कर," ती म्हणाली.

त्यानं फाइल उघडली. जुना लॅपटॉप घरघरायला लागला. त्यानं सवयीनं एका चौकटीत खूण केली आणि दहा मिलिमीटरपेक्षा लहान सगळी छिद्रं पटापट मिटली.

"हे काय करून राहिला?"

"फाइल हलकी केली गं. नाहीतर हा अडकून बसतो, हिशोब होतच नाही."

"अन् वर्कशॉपला कोणती धाडतोस?"

"हीच की. शेवटची." बोलता बोलता त्याचे कान लाल झाले.

म्हणजे मुद्दाम नव्हतं. तिला हायसं वाटलं, पण अर्धंच. पहिला कोरा पत्रा आला तेव्हा सर तिला सगळ्यांसमोर बोलले होते, आणि हा शेजारीच उभा होता.

"तवा काहून गप बसलास? तुला म्हाईत नव्हतं व्हय?"

तिनं सरांना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"सर, छिद्रं माझ्याकडून बुजली," तो म्हणाला. "पहिला पत्रा कोरा आला तेव्हाच लक्षात आलं होतं. डिझाइन मला मिळेल म्हणून बोललो नाही."

प्रतिक्षानं त्याचा लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि स्वतःची मूळ फाइल हिरासिंगला पाठवून दिली.