चंद्र नसलेला पडदा

चांद्याच्या कापडबाजारात गुणवंतराव पडगीलवारांची ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक त्यांची उंची. दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचं ठाण ते स्टुलावर न चढता काढत. दुसरा त्यांचा जुन्या वस्तूंचा नाद. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि जिल्ह्यातले जुने मालगुजार एकेक करून नागपूरला बिऱ्हाड हलवत होते. जे सामान गाडीत मावत नव्हतं त्याची हर्रास होई. अशा हर्राशीची बातमी आली की गुणवंतराव दुकान भावाच्या हवाली करत आणि मिळेल त्या गाडीनं निघत.

लिलावात ते कसे वागतात, हे पाहायला माणसं मुद्दाम उभी राहत. पहिली बोली ते कधी लावत नसत. आवाज चढवत नसत. वस्तू आधी हातात घेऊन पाहत, मनाशी तिची किंमत ठरवत आणि बोली त्यापुढे गेली की उपरणं झटकून बाजूला होत. राजुऱ्याच्या एका हर्राशीत त्यांनी पितळी समई नुसती हातात तोलून सांगितलं होतं, की खालचा भाग जुना आहे, वरचा मोर अलीकडे बसवलेला आहे. तासाभरानं मोर पिळला तर त्याच्या खाली नवा आटा निघाला. त्यांच्या घरी बिदरी हुक्के होते, गंजिफांचा पूर्ण जोड होता, शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या होत्या आणि भोसल्यांच्या काळातली सहा चित्रं होती. त्यात एकही वस्तू खोटी निघाली नव्हती.

दिवाणखान्याची एक भिंत मात्र त्यांनी वर्षानुवर्षं रिकामी ठेवली होती.

"त्या भिंतीवर शेवटी लावणार तरी काय?" त्यांची बायको रुखमाबाई दर दिवाळीला झाडलोट करताना विचारी.

"पडदा."

"दिवसभर कापड विकता, अन् घरी येऊन कापडाचीच वाट पाहता."

पडद्याची गोष्ट अशी, की दहा वर्षांचे असताना गुणवंतराव वडिलांबरोबर देवटोल्याच्या मंडईला गेले होते. झाडीतल्या गावांत दिवाळीनंतर मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. वडील कापड विकायला बसले होते. गठ्ठ्यावर डोकं टेकून पोरगा नाटक पाहत होता. मागे रंगवलेला जंगलाचा पडदा होता आणि त्या जंगलातून चंद्र वर येत होता. इतका खरा चंद्र त्यांनी नंतर कुठल्याच चित्रात पाहिला नाही. पाहता पाहता झोप लागली. सकाळी पडदा मालगुजाराच्या कोठीत जाऊन पडला होता. तो मालगुजाराच्या मालकीचा, मंडईच्या रात्रीपुरता गावच्या नाटकवाल्यांना मिळे. पुढं मोठेपणी त्यांनी दोनदा निरोप धाडला, पण म्हातारा मालगुजार काही विकेना. आता म्हातारा गेला होता, मुलगा नागपूरला होता आणि देवटोल्याची हर्रास लागली होती, ती नेमकी मंडईच्याच दिवशी.

गुणवंतराव पोंभुर्ण्यापर्यंत मोटारीनं गेले आणि तिथून बैलगाडीनं देवटोल्याला पोचले.

मालगुजाराच्या अंगणात सामान मांडलेलं होतं, आणि ते पाहून त्यांना हसावं की रडावं ते कळेना. हर्रास पुकारायला देवाजीला आणलं होतं. देवाजी जंगलखात्याच्या डेपोत सागवानाची बोली पुकारत असे. त्याचा आवाज नाल्यापलीकडे जाई. त्यानं सगळं सामान लाकडासारखं ढिगानं लावलं होतं. लांबीप्रमाणे लांब वस्तू एका ढिगात, आखूड दुसऱ्या ढिगात. काचेचं झुंबर, पाटा-वरवंटा आणि पानाचा डबा एकत्र. पोथ्यांच्या ढिगावर घोड्याचं खोगीर. गुंडाळलेला पडदा तर गाडीच्या साट्या, शिड्या आणि ताडपत्रीबरोबर पडला होता.

"देवाजी, हे काय लावलंस?"

"पाच नंबरचा ढीग हाय, भाऊ. सारे बारा फुटाच्या वरचे नग."

पोथ्यांचा ढीग गुणवंतरावांनी खोगिरासकट घेतला. त्यात तेलंगी वळणाच्या बांधणीतली एक हस्तलिखित पोथी होती. तेवढ्यासाठी खोगीर अंगावर घेणं महाग नव्हतं. झुंबर नागपूरच्या व्यापाऱ्यानं घेतलं. मग पाच नंबर आला.

"उघडून दाखव," गुणवंतराव म्हणाले.

पडदा उचलायला गावातली पाच-सहा माणसं पुढं झाली. त्यांच्यापुढे होता लच्छू, गावच्या नाटकमंडळीचा पुढारी. किडकिडीत, दाढीचे खुंट वाढलेला, डोळे मात्र एका जागी न ठरणारे.

"जपून रे," त्यानं माणसांना दम भरला. "हवेत धरू नका, फाटन. भिंतीले टेकवा. चांगला भिंतीले टेकवा."

उन्हात, पांढऱ्या भिंतीला टेकून पडदा उघडला. गुणवंतरावांची नजर आधी चंद्र शोधू लागली. खाली काळपट हिरव्या रंगाचे फराटे होते. मध्ये झाडांचे बुंधे, त्यांच्यावर पिवळट डाग. वर निळं-काळं आभाळ, नुसतं आभाळ. चंद्र कुठंच नव्हता.

"गायीनं सारवलं का हे?" नागपूरचा व्यापारी म्हणाला. माणसं हसली. लच्छूसुद्धा हसला.

गुणवंतरावांनी खालची कड बोटात धरून पाहिली. जाड मांजरपाट, खळीवर रंग, वीण घट्ट. कापड त्या काळातलंच होतं. झाडं रंगवणारा हातही कच्चा नव्हता. जवळून नुसते फराटे दिसत होते, दहा पावलं मागं गेलं की त्याच फराट्यांची झाडाची साल होत होती. पण चंद्राच्या जागी रंग खरवडल्याची खूणही नव्हती. तिथं तो कधी काढलेलाच नव्हता.

"लच्छू," त्यांनी विचारलं, "मंडळीकडे जंगलाचा दुसरा एखादा पडदा होता का? चंद्र असलेला?"

"दुसरा? नाई भाऊ. आमच्याजोळ हा एकच."

"याच्यात चंद्र नव्हता?"

लच्छूनं मान वर करून पडदा नीट न्याहाळला, जणू आजच पाहतो आहे. "तुमीच पाहा ना भाऊ. तुमची नजर मोठी. कुठी दिसून राह्यला का?"

मागं उभ्या असलेल्या सुकलूला, म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात उंच गड्याला, एकदम खोकला आला.

देवाजीनं बोली पुकारली. लच्छू पुढं झाला. "एक खंडी धान!"

"रुपयात बोल बे."

"रुपये असते तर मी कायले नाटकात काम केलो असतो? धान हाय. नवा हाय. अन् वर एक गाडी बांबू."

"ही हर्रास हाय का सोयरीक?" देवाजी ओरडला. पण मालगुजाराच्या दिवाणजीनं मान हलवली. नागपूरच्या घराला धान लागणारच होता. देवाजीनं बोटांवर हिशेब करून त्याचे रुपये केले आणि गुणवंतरावांकडे पाहिलं. सगळं अंगण त्यांच्याकडे पाहत होतं. चांद्याचे भाऊ पडद्यासाठी आले आहेत, हे गावाला ठाऊक होतं. लच्छूचे डोळे पहिल्यांदाच एका जागी ठरले होते.

गुणवंतरावांनी ठरवलेली किंमत त्या धानाच्या पाचपट होती. तोंड उघडायचा अवकाश होता. पण तो पडदा हा नव्हता. जवळपासचा होता, त्याच हाताचाही असेल. पण जवळपासची वस्तू घेऊन मनाची समजूत घालायची नाही, हा त्यांचा सगळ्यात जुना नेम. मन हवं ते दाखवतं, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं. त्यांनी उपरणं झटकलं.

"एक बार! दोन बार! तीन बार!" देवाजीचा आवाज नाल्यापलीकडे गेला. पडदा, साट्या, शिड्या आणि ताडपत्री देवटोल्याच्या मंडळीची झाली. पोरांनी अशी आरोळी ठोकली की बैल बुजले.

मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी होती. लच्छूच गुणवंतरावांना जेवायला घेऊन गेला. त्याच्या बायकोनं, धुरपतानं, भात आणि वांग्याची भाजी वाढली आणि नवऱ्याकडे पाहून पदरात तोंड लपवून हसली.

"काऊन हसतेस?" लच्छूनं दटावलं. "पाव्हण्याले वाढ."

अंधार पडताच नाटक उभं राहिलं. गुणवंतरावांना पुढं बाज टाकून दिली होती. दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या, मागं तोच पडदा. मोकळ्यावर, दोन खांबांमध्ये ताणलेला.

पहिला धक्का तिथंच बसला. उन्हातले फराटे गेले होते. बत्तीच्या उजेडात बुंधे पुढं आले, त्यांच्यामागं दुसरे बुंधे, त्यांच्यामागं काळोख. पिवळट डाग म्हणजे पानांतून पडलेला उजेड होता. त्या चितारी माणसानं रंग बत्तीसाठी कालवले होते, सूर्यासाठी नव्हे. लिलावात वस्तू ज्या उजेडात पाहिली तो तिचा उजेड आहे का, हा प्रश्न गुणवंतरावांना आजवर सुचला नव्हता.

राणीला वनवासात सोडलं. ती एकटी बसून गाऊ लागली. तेवढ्यात दोन पोरांनी दोन्ही बत्त्यांवर बांबूच्या टोपल्या पालथ्या घातल्या. जंगल अंधारलं. आणि झाडांच्या शेंड्यांमागं आभाळ जरा तांबूस झालं.

चंद्र वर आला.

आधी फांद्यांत अडकलेला, मग सुटा, मग मोठा आणि गोल. तो खरंच वर चढत होता. हजारभर माणसांतून एकच हुंकार उठला. गुणवंतराव बाजेवरून कधी उठले, ते त्यांना कळलं नाही. मागून कुणीतरी खेकसलं, "बसा ना भाऊ, तुमी अदुगरच ताडासारखे!"

ते बसले नाहीत. कडेनं वळसा घालून पडद्यामागं गेले. तिथं बाजेवर उभा राहून सुकलू एक मडकं वर उचलत होता. मडक्यात दिवा, मडक्याच्या कुशीत गोल भोक, आणि ते भोक कापडाला अगदी भिडवलेलं. गुणवंतरावांनी आभाळाला हात लावला. मलमल! खाली सगळा मांजरपाट आणि वरचं आभाळ तलम मलमलीचं, त्यावर खळी न लावता नुसता पातळ निळा हात. जोड कुठं आहे ते त्यांनी बोटानं शोधलं. झाडांच्या शेंड्यांच्या रेषेवर, वेड्यावाकड्या फांद्यांच्या मागं, असा शिवलेला की समोरून कुणाला दिसू नये. चाळीस वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला तो समोरून दिसला नव्हता. त्यांनी त्या शिवणीवरून बोट परत एकदा फिरवलं, वस्तू विकत घेण्याआधी फिरवत तसं नव्हे, सावकाश.

"कोणी केला हा?"

"तेलंगणाकडचा एक पेंटर होता," शेजारी येऊन उभा राहिलेला लच्छू म्हणाला. "पावसाळाभर गावात राह्यला. माझा बाप त्याले रंग घोटून दे. नाव कोनाले मालूम नाई."

"सकाळी मी तुला विचारलं होतं."

"मी खोटं बोललो का? म्या म्हटलो, तुमीच पाहा."

"भिंतीला टेकवायला तूच सांगितलंस."

"हो," लच्छू म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "हवेत धरला असता त पाठीमागून ऊन येते. तुमाले समजलं असतं. मंग आमचा धान कुठी पुरला असता, भाऊ?"

गुणवंतरावांना राग यायला हवा होता. तो शोधूनही सापडला नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर कुणी मात केली नव्हती, आणि केली ती एकही खोटा शब्द न बोलता.

"पाचपट देतो," ते म्हणाले. "दिवाणखान्यात मोकळी भिंत ठेवली आहे याच्यासाठी."

"भिंतीले टेकवल्यावर चंद्र कसा निंगन, भाऊ?"

गुणवंतरावांनी पडद्याकडे पाहिलं. सकाळचा तो पडदा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. वीस नाही, तीस नाही, चांगली चाळीस वर्षं ते त्याला नेऊन तसाच टेकवायला निघाले होते.

चंद्र उतरला. टोपल्या निघाल्या, बत्त्यांचा उजेड परत आला, नाटक पुढं सरकलं. शेवटच्या प्रवेशात राजाराणीची भेट होती आणि चंद्र पुन्हा निघायचा होता. राजाचं सोंग सुकलूचं. दरसाल त्या वेळी मडकं कुणीतरी दुसरा धरी आणि चंद्र शेंड्यांच्या जेमतेम वर येऊन अडकून बसे.

लच्छूनं गुणवंतरावांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "भाऊ, तुमचा हात कुठवर जाते?"

"सगळ्यात वरच्या फळीपर्यंत."

"मंग चढा बाजेवर."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची चुंबळ करून तापलेल्या मडक्याखाली धरली आणि बाजेवर उभे राहिले. पलीकडे बत्त्यांवर टोपल्या पालथ्या पडल्या. आभाळ त्यांच्या नाकासमोर होतं. त्याला तीन ठिगळं होती, तिन्ही वेगवेगळ्या हातांनी घातलेली, तिन्ही बारीक टाक्यांची. समोरून काय दिसत असेल ते त्यांना इथून दिसणार नव्हतं. त्यांनी भोक कापडाला भिडवलं आणि मडकं उचललं.

"हळू," खालून लच्छू कुजबुजला. "चंद्र हाय, बैल नोहे."

गुणवंतरावांनी हात आवरला. बोटाबोटानं ते मडकं वर नेऊ लागले. शेंडे ओलांडले. पलीकडून तो हुंकार आला, आणि त्यांचा हात अजून बराच वर जायचा होता.