काइबारांची तटबंदी

काइबारांनी सोनेरी सरदार उचलला आणि पुन्हा त्याच घरात मागे नेऊन ठेवला. समोरच्या होरिगुचीने मान वर केली. तीच स्थिती पटावर चौथ्यांदा आली होती. शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, नियमाप्रमाणे डाव रद्द. थोड्या विश्रांतीनंतर बाजू बदलून नवा.

ओसाकाच्या शोगी भवनात कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. सकाळपासून बसलेला सत्तावन्न वर्षांचा माणूस विशीतल्या पोराशी आपण होऊन दुसरा डाव ओढवून घेत होता. तोही अशा दिवशी, की हरला तर व्यावसायिक साखळी स्पर्धेतून बाहेर. या वयात बाहेर पडलेला परत आत येत नाही.

काइबारा विश्रांतीला बाहेर आले तर मुकाई तिथेच उभा होता. दोघं एकाच गुरूकडे शिकलेले. मुकाई आता निवृत्त.

"वेड लागलंय का तुला? दुसरी चाल करायचीस!"

"केली असती तर तेव्हाच मेलो असतो."

"आता दमून मरशील."

"वाडगाभर उडोन चापलाय. इतक्यात नाही मरत."

"अरे, संगणक तुझ्या त्या तटबंदीला केव्हाच नापास करून बसलाय. पोरं हसतात."

"हसू देत."

तीस वर्षं काइबारा एकच खेळत आले होते. हत्ती डावीकडे सरकवायचा, राजा उजव्या कोपऱ्याकडे न्यायचा, त्याच्याभोवती सरदारांची भिंत उभारायची आणि समोरच्याला डोकं आपटू द्यायचं. त्यांना हरवणं म्हणजे दिवस घालवणं, असं सगळे म्हणत.

नवा डाव सुरू झाला. होरिगुचीने हत्ती उचलला आणि डावीकडे सरकवला. मग राजा उजवीकडे नेला. मग सरदार एकेक करून त्याच्याजवळ आणले.

काइबारांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पोर थट्टा करतंय का, म्हणून त्याच्याकडे पाहिलं. होरिगुचीचे कान लाल झाले होते, पण नजर पटावरून हलत नव्हती.

चहा निवून गेला. काइबारा दोन्ही हात मांड्यांवर रोवून बसून राहिले. शेवटी त्यांनी अगदी कडेचं प्यादं पुढे केलं. ते मारलं गेलं. त्यामागून घोडा दिला, तोही गेला. पण कडेची वाट उघडली, आणि दिवेलागणीला भिंत आतून ढासळू लागली.

होरिगुचीने पाण्याचा घोट घेतला, कपडे सारखे केले आणि मान झुकवली.

"हरलो."

काइबारांचं स्थान वाचलं होतं. दोघांनी सोंगट्या मागे नेत डाव पुन्हा पाहायला घेतला.

"सेन्सेई, शाळेत होतो तेव्हापासून तुमचे डाव मांडून बघतोय," होरिगुची म्हणाला. "वाटलं होतं, ही भिंत तुमच्याच्याने पाडवणार नाही."

"ती कुठून पडते हे मला ठाऊक होतं. तिथेच तर जन्मभर पहारा दिला."

"पण आता ते सगळ्यांनाच कळेल."

"कळेल की."

काइबारांनी भिंत पहिल्यासारखी उभी केली. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग रुपेरी सरदार बोटाने एक घर बाजूला सरकवला.

"हा इथे असता तर?"

होरिगुची पटावर वाकला. बोटाने एकेक वाट चाचपून पाहिली.

"मग... मला तरी वाट दिसत नाही."

"मलाही अजून नाही." काइबारांनी बाह्या वर सारल्या. "चल, या वेळी तू पाड."